युनिटी, युनियन, मर्जर : एकच अर्थ का?

प्रश्न : भाचीला कॉलेजात गोव्याच्या 1967 च्या जनमत कौलावर इंग्रजीतून बोलायचंय. ती युनिटी, युनियन, मर्जर सगळं एकाच अर्थानं वापरतेय, ते बरोबर आहे का आणि ह्या शब्दांची मुळं कुठली? आम्ही डिचोलीकडचे, घरात मराठीच, त्यामुळे जाणकारांनी जरा नीट सांगा.

उत्तर : ताई, नाही चालणार, आणि ह्या विषयाला तर अजिबातच नाही. युनिटी आणि युनियन दोन्ही लॅटिन ऊनुस म्हणजे एक, त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. पण युनिटी म्हणजे एकी, ऐक्य, आणि युनियन म्हणजे वेगवेगळ्यांनी जुळून केलेलं एक, म्हणून तर कामगारांच्या युनियनमध्ये युनिटी नाही असं आपण सहज बोलतो. घटनेच्या पहिल्याच कलमात भारत हा राज्यांचा संघ आहे, इंग्रजीत तिथं युनियनच.

मर्जर मात्र ह्या घराण्यातलाच नाही. लॅटिन मेर्गेरे म्हणजे बुडवणं, बुडी मारणं, सबमर्ज आणि इमर्ज त्याचेच भाऊ. इंग्रजीत हा शब्द मुळात कायद्याचा, लहान हक्क मोठ्या हक्कात जिरून जाणं. म्हणजे युनियनमध्ये जुळणारा उरतो आणि मर्जरमध्ये उरत नाही, आपलं विलीनीकरणही तेच सांगतं, विरघळणं. 16 जानेवारी 1967 ला गोव्यासमोर बरोबर हाच प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की युनियन टेरिटरी राहायचं, विलीनीकरणाची निशाणी फूल आणि युनियन टेरिटरीची दोन पानं. आपण बोलताना युनियन टेरिटरीला केंद्रशासित प्रदेश म्हणतो, त्यात संघ गेला आणि शासन तेवढं राहिलं, मला हे फार खटकतं कारण संघ राज्यक्षेत्र हा सरळ शब्द असताना तो कुणी वापरत नाही. भाचीनं निदान इंग्रजीत तरी हा फरक सांभाळावा.

आणखी एक : ह्यात खास इंग्रजी मातीतले शब्द राहिले. अलोन म्हणजे ऑल अधिक वन, अगदी एकटा, त्यातला अ गळून लोन झाला आणि मग लोनली. ओन्ली हा वनला ली लागून झालेला. अटोन म्हणजे ॲट वन, तंटा मिटवून पुन्हा एक होणं, प्रायश्चित्ताचा अर्थ त्यातूनच पुढे आला. मला ह्या सगळ्यात हाच शब्द सगळ्यात आवडतो. अनियनचं मूळही ऊनुसच्याच लेकरात सापडतं, लॅटिनमध्ये एका जातीच्या कांद्याला उनिओ म्हणत. कांद्याचा पोर्तुगीज शब्द सेबोला मात्र वेगळ्या मुळाचा.

प्रश्न : मग आपला एक आणि त्यांचा वन एकच का?

उत्तर : अर्धेच. सुरुवातीचं मूळ एक, पुढचा प्रत्यय वेगळा. लॅटिन ऊनुस आणि इंग्रजी वन सख्खे, आपला एक चुलत. सम आणि सेम मात्र खरंच एका मुळाचे.

जाता जाता, भाचीला युनॅनिमस शब्दाबद्दलही सांगा. ऊनुस अधिक अनिमुस, म्हणजे एक मन, सगळेच्या सगळे एका बाजूला असतील तरच तो वापरायचा. त्या कौलात विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191 आणि बाजूनं 1,38,170 मतं पडली, पेडणे, डिचोली, सत्तरीकडे फुलाचा जोर होता आणि सासष्टीत दोन पानांचा, तेव्हा तिथं मेजॉरिटी म्हणायचं, युनॅनिमस नाही.