पदोन्नती रखडली आहे आणि वरिष्ठ ऐकून घेत नाहीत. दाद कुठे मागावी?

प्रश्न: माझे पती पुण्यातील एका पोलीस ठाण्यात हवालदार आहेत. ज्येष्ठता यादीत नाव असूनही सहायक उपनिरीक्षकपदाची त्यांची पदोन्नती रखडली आहे, आणि विचारायला गेल्यावर वरिष्ठ हजेरीच्या वेळी सर्वांसमोर त्यांचा पाणउतारा करतात. त्याचाच त्रास अधिक होतो.

उत्तर १: ताई, प्रथम गोपनीय अहवालांतील, म्हणजे वरिष्ठ दरवर्षी कामाबद्दल लिहितात त्या अहवालांतील, शेरे तपासावेत. 2008च्या देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवणे आवश्यक ठरवले आहे. न कळवलेल्या शेऱ्यामुळे नाव मागे पडले असेल, तर हा मुद्दा भक्कम आहे.

उत्तर २: लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पुढे सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. मात्र आदेशापासून साधारण एका वर्षाची मुदत असते, त्यामुळे तोंडी आश्वासनांवर विसंबू नये.

उत्तर ३: पाणउताऱ्याचे काय? 1966च्या कायद्यामुळे पोलिसांना परवानगीशिवाय कामगार संघटनेत सामील होता येत नाही, त्यामुळे अशा वेळी पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी वरिष्ठांवरच येते, आणि तेच अपमान करत असतील तर मला हे पदोन्नती रखडण्याहून गंभीर वाटते. तुमच्या पतींनी दिनांकवार नोंद ठेवून उपायुक्तांना समक्ष भेटावे.