३.४ गिगाहर्ट्झ की १.८? डीटीपीसाठी प्रोसेसर सुचवा (बजेट १० हजार)

कृष्णाकाठचा (१४ ऑक्टोबर २००७)
मंडळी, कराडला घरीच डीटीपीचा (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचा) धंदा आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे अहवाल असली कामं. कोरल १२, पेजमेकर ७ आणि थोडं फोटोशॉप. मॉनिटर, हार्ड डिस्क जुनीच ठेवणार. प्रोसेसर, बोर्ड, रॅम मिळून १० हजार, वर एक रुपया नाही. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत:
पेंटियम डी ९४५: ३.४ गिगाहर्ट्झ, बस (प्रोसेसरचा बाकी मशीनशी जोडणारा डेटाचा रस्ता) ८००
पेंटियम ड्युअल कोअर ई२१६०: १.८ गिगाहर्ट्झ, बस ८००
दोन्ही दोन कोअरचे, म्हणजे एकात दोन प्रोसेसर, बसही सारखी. मग लोक १.८ वाला घ्या असं का सांगतात? बाबा म्हणतात, पैसे घालून निम्म्या स्पीडचं मशीन कशाला आणायचं? तुळशीच्या लग्नाआधी हातात हवंय.

हडपसरी
डोळे झाकून कोअर टू ड्युओ ई६५५०. २.३३ गिगाहर्ट्झ, बस १३३३, कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ४ एमबी. मी गणपतीत घेतला, लोण्यासारखा चालतोय.

कृष्णाकाठचा
साहेब, बजेट १० हजार आहे.

हडपसरी
थोडं वाढवा. धंद्याची वस्तू आहे.

रॅमराव
बस १३३३ म्हणजे बोर्डही त्या दर्जाचा लागणार, पी३५ किंवा जी३३ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम वगैरे जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा). जुन्या ९४५ चिपसेटवर (पेंटियम डी ९४५ शी या आकड्याचा संबंध नाही) ती बस अधिकृत नाहीच. त्यांचे १० हजार बोर्डातच संपतील.
आता मूळ प्रश्न. पेंटियम डी हा पेंटियम ४ च्याच घराण्यातला. त्या डिझाइनचा सगळा भर गिगाहर्ट्झ, म्हणजे घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके, चढवण्यावर होता. त्यासाठी एकेका सूचनेच्या कामाचे बारीक बारीक टप्पे पाडले, ३१ पर्यंत. टप्पा छोटा म्हणून घड्याळ जोरात पळतं, पण पुढे कुठली सूचना येणार याचा अंदाज चुकला की आत घेतलेलं बरंचसं काम टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू. इंटेलच्या नव्या ‘कोअर’ घराण्याच्या डिझाइनमध्ये १४ च टप्पे आहेत आणि एका ठोक्यात कामही जास्त उरकतं. ई२१६० च्या नावात पेंटियम असलं तरी आतलं डिझाइन कोअरचंच आहे. इंटेलने स्वतः २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला. उष्णता आवरेना. दोन वेगळ्या घराण्यांत गिगाहर्ट्झची तुलना करूच नये.

शेंगदाणा
ई२१६० अजिबात घेऊ नका! मी गेल्या महिन्यात घेतला. सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर १२०० मेगाहर्ट्झ आणि बस स्पीड २००. खोक्यावर १.८ आणि ८०० छापलंय. दुकानदाराशी भांडून आलो, तो म्हणतो असंच असतं. सगळे चोर.

रॅमराव
असंच असतं. मूळ घड्याळ २०० मेगाहर्ट्झचं, त्याच्या एका फेऱ्यात बस चारदा डेटा पाठवते, म्हणून ८००. त्याच खिडकीत खाली ‘रेटेड एफएसबी’ बघा, बसचा खरा आकडा तो. प्रोसेसर म्हणजे २०० गुणिले ९, झाले १८००. मशीन रिकामं असलं की स्पीडस्टेप (वीज वाचवायची इंटेलची सोय) हा ९ चा गुणक ६ वर आणतं, तेव्हा १२०० दिसतं. एखादा मोठा फोटो फिरवायला लावा आणि सीपीयू-झेडकडे बघत राहा.

निशाचर७९
शेंगदाणाभाऊ, २०० चं ३३३ करा, गुणक ९ तसाच ठेवा, ३ गिगाहर्ट्झ फुकटात! माझा चालतोय. रात्री दोनला एकदा बंद पडला, पण तो रॅममुळे असावा.

शेंगदाणा
म्हणजे वॉरंटीही गेली. धन्यवाद.

लोहगाव_एक्सप्रेस
इथे सगळे इंटेलचे जावई दिसतात. एएमडी ॲथलॉन ६४ एक्स२ ४०००+ कुणाला आठवला नाही? मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच, रॅमकडे जायला ती बस लागतच नाही. माझ्याकडे आहे, मस्त.

हडपसरी
४०००+ म्हणजे ४००० मेगाहर्ट्झ नव्हेत, २.१ गिगाहर्ट्झच आहे. आकडा फुगवून विकायचं.

लोहगाव_एक्सप्रेस
तो मॉडेल नंबर आहे, मेगाहर्ट्झ कुणी म्हटलं? तुमच्या ६५५० चे मेगाहर्ट्झ किती?

हडपसरी
मुद्दा तो नाही.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत क्वाड कोअर क्यू६६०० ची किंमत बऱ्यापैकी उतरलीय. चार कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. भारतात अजून पेंटियम डी विकतात हे वाचून गंमत वाटली. खरं तर डीटीपीला मॅकच.

कृष्णाकाठचा
काका, पेजमेकर विंडोजवर आहे आणि पैसे १० हजार आहेत.

छापखानेवाल्या_काकू
मी वीस वर्षं हाच धंदा करतेय. आधी सांग, सध्या रॅम किती आहे? २५६ एमबी असेल तर अर्धं दुखणं तिथेच आहे. दुसरं, फाँटच्या सॉफ्टवेअरची डाँगल (जी लावल्याशिवाय ते चालत नाही) पॅरलल पोर्टची, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसणारी आहे ना? काही नव्या बोर्डांना मागे तो पोर्टच नसतो. दुकानात बोर्ड उलटा करून डोळ्यांनी बघ, नाहीतर पत्रिका इंग्रजीत छापाव्या लागतील.
तिसरं, पेंटियम डी ९५ वॉटचा, ई२१६० ६५ चा. तुमच्याकडे लोडशेडिंग किती तास ते मी सांगायला नको. तुझ्या यूपीएसवर आणि पंख्याच्या आवाजावर फरक पडेल.

कृष्णाकाठचा
काकू, रॅम २५६ च आहे. डाँगल पॅरललचीच. हे दुकानदार बोललाच नव्हता.

रॅमराव
काकूंना +१. रॅमचं गणित सांगतो. ८०० ची बस ६४ बिट म्हणजे ८ बाइट रुंद, म्हणून सेकंदाला ६.४ जीबी. डीडीआर२-८०० रॅमची एकच काडी तेवढं देते. बस ८०० राहिली तर महागड्या रॅमवर पैसे घालू नका, साध्या ६६७ च्या दोन काड्या जोडीने लावा.
‘बस सारखी’ म्हणालात त्याबद्दलही. पेंटियम डीमध्ये दोन कोअर दोन वेगळ्या तुकड्यांवर आहेत, एकमेकांशी बोलायलाही त्यांना तीच ८०० ची बस लागते. ई२१६० मध्ये कॅश एकच एमबी आहे, पण दोघांत सामायिक. आकडा सारखा, गर्दी वेगळी.

गुळाचा_गणपती
माझ्या मते रॅम वाढवा. आणि पॅरलल पोर्ट आहे का ते बघून घ्या.

छापखानेवाल्या_काकू
हो का, बरं.

कृष्णाकाठचा (२ नोव्हेंबर २००७)
मशीन आलं. पेंटियम डी ९४५ घेतला. रॅमराव, रागावू नका, तुमचं सगळं पटलं. पण ई२१६० शहरातून मागवावा लागणार होता, दिवाळीनंतर आला असता, आणि तोही रोखीने. पेंटियम डी दुकानात तयार होता. निम्मे पैसे आता, निम्मे सीझन झाल्यावर. बिघडलं तर माणूस घरी येतो. एक-एक जीबीच्या दोन काड्या टाकल्या, पॅरलल पोर्ट दुकानातच बघून घेतला, डाँगल चालते. पंखा मात्र गिरणीसारखा घुमतो. बाबा खूश आहेत, गिऱ्हाइकांना ‘साडेतीनचं मशीन’ म्हणून सांगतात.

हडपसरी
मग विचारलं कशाला?

छापखानेवाल्या_काकू
कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढ आणि महिन्याला पंख्यावरची धूळ काढ. तो डी तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, मग साडेतीनला अर्थ नाही.

शेंगदाणा
माझा आता १८०० दाखवतोय. कुणी इन्व्हर्टर सुचवेल का? बजेट ५ हजार.

हडपसरी
थोडं वाढवा.