तडजोडीने मिटलेला गुन्हा चारित्र्य पडताळणीत का दिसावा?

सातारकर: २०१३च्या विसर्जन मिरवणुकीत माझ्या भाच्याची मारामारी झाली, समोरच्याचं बोट मोडलं. भारतीय दंड संहितेचं कलम ३२५, म्हणजे गंभीर दुखापतीचं, लागलं. पुढे लोक अदालतीत तडजोड झाली, आणि कायद्याने तडजोड म्हणजे निर्दोष सुटकाच. तरी यंदा सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी पडताळणी केली तर गुन्ह्याची नोंद आलीच. निकालाची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन फिरतो पोरगा, घडीवर कागद विरलाय. अल्पवयीनांची नोंद बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम २४नुसार ठरावीक काळाने नष्ट करतात. मोठ्यांना अशी सोय का नको?

अपर्णा, ठाणे: ज्याचं बोट मोडलं त्याला विचारलंत का? तडजोड कशी होते ते माझ्या मावशीच्या वेळी पाहिलंय. भावकी ओसरीवर येऊन बसली, ‘मिटवून टाक’ म्हणाली, तिने रडत सही केली. माझ्या मुलीच्या स्कूल व्हॅनचा चालक असा सुटलेला असेल तर मला कळलंच पाहिजे. गंभीर गुन्ह्यात संशयाचा फायदा मिळून सुटलेल्याची पार्श्वभूमी मालक विचारात घेऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०१६च्या अवतार सिंग निकालात म्हटलंय.

सातारकर: ताई, त्याच निकालात तरुण वयातल्या किरकोळ प्रकरणाकडे काणाडोळा करायची मुभाही आहे. पण ठेकेदार निकाल वाचत बसतो का? नोंद दिसली की अर्ज बाजूला.

पालावरचा: मी पारधी. आमच्यासारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ला रद्द झाला, पण तालुक्यात घरफोडी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्याच पालावर. चुलतभावाला तीनदा उचललं, तिन्ही वेळा कोर्टाने सोडलं. चौथ्यांदा उचलल्यावर सरकारी वकील म्हणाले, ‘याच्यावर आधीचे तीन गुन्हे आहेत, जामीन नको.’ सुटल्याचे तीन निकाल त्याच्याच अंगावर आले.

अपर्णा, ठाणे: दादा, हे वाचून वाईट वाटलं. पण नोंदी नष्ट केल्या तर त्याला तीनदा विनाकारण उचललं हे तरी कशावरून दाखवणार?

पालावरचा: कोर्टाच्या दप्तरात निकाल राहतोच की. तो हवा तेव्हा आम्ही काढू. पोलिसांच्या यादीतलं नाव तेवढं काढा.

अपर्णा, ठाणे: कोर्टाने सोडलेल्यांचं नाव यादीतून काढा, हे मान्य. तडजोडीचं नाही. तिथे आधी न्यायाधीशांनी फिर्यादीला एकटीला बोलावून विचारावं, दबाव होता का. मावशीला कुणी विचारलंच नाही.