फुलावरची मधमाशी विचित्र वागताना पाहिलीत का? अनुभव लिहा

गेले आठ-दहा दिवस माझी सकाळ साल्व्हियाच्या एका कुंडीसमोर जाते आहे. कारण एक काळा, जाडजूड भुंगा. हा गडी फुलाच्या तोंडाशी फिरकतच नाही. देठाकडे, नळी जिथून सुरू होते तिथं फुलाच्या पाठीवर बसतो, डोकं खुपसतो, दोन-तीन सेकंद थांबतो आणि पुढच्या फुलावर जातो. समोर दार सताड उघडं असताना मागची भिंत फोडायचं कारण काय? काल एक फूल खुडून उन्हात धरलं, तर नळीच्या बुडाशी नखानं चिरल्यासारखी बारीक फट. बरं, भुंगा गेल्यावर एक साधी मधमाशी आली. तीही तोंडाकडून न शिरता फुलावरून चालत मागे गेली आणि नेमकी त्याच फटीत तोंड घालून बसली!

मला यातलं फारसं कळत नाही. पण बागेत वेळ घालवणाऱ्यांनी असं काहीतरी पाहिलेलं असणारच. लिहा मंडळी. शास्त्रीय नावं आली नाहीत तरी चालेल, पण काय पाहिलंत ते बारकाव्यांसकट हवं. मधमाशीच हवी असं नाही. भुंगे, बारक्या माश्या, सगळ्यांना प्रवेश आहे. माशी चावल्याचे किस्से मात्र इथं नकोत, ते प्रत्येकाकडे असतात.

*

तुमचा भुंगा घरफोड्या आहे, एवढंच. लांब नळीच्या फुलात मकरंद असतो तळाशी, आणि त्याची जीभ तिथवर पोचत नाही किंवा एवढं जाड अंग तोंडातून आत मावत नाही. मग बाहेरून नळी चिरायची आणि मकरंद ओढायचा. परागांशी संबंध नाही, फुलाचं काम केलं नाही, नुसता माल उचलला. मधमाशीला असली नळी सहसा फोडता येत नाही, पण आयतं भोक सापडलं की ती सोडत नाही. डार्विननं १८४१ मध्ये बागकामाच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून भुंग्यांच्या या फोडाफोडीबद्दल सांगितलं होतं, म्हणजे तुमच्या आधी कुंडीसमोर बसून गेलेले बरेच आहेत.

आणि त्याला 'गडी' म्हणू नका सरसकट. मराठीत भुंगा पुल्लिंगी असला तरी लाकूड पोखरून घर करणारी मादीच असते. तोंडासमोर येऊन हेलिकॉप्टरसारखा तरंगत दम देणारा असतो तो नर, आणि त्याला नांगीच नसते. नांगी हे अंडी घालायच्या अवयवाचंच बदललेलं रूप, तेव्हा ती नराकडे येणार कुठून? आमच्याकडे सगळे त्याला बघून आत पळतात. मी समोर उभा राहतो आणि फुकट शौर्य मिरवतो.

*

माझा अनुभव कानाचा आहे. मी गाणं शिकवते, त्यामुळे सूर हलला की लक्ष जातंच.

वांग्याच्या झाडापाशी निंदत बसले होते. एक भुंगा घुंऽऽ करत आला, खालच्या पट्टीत, एकसुरी. फुलावर बसला आणि आवाज बंद. मग एकदम वरच्या सुरात, तुटक, 'झीं... झीं... झीं'. आधी वाटलं, कोळ्याच्या जाळ्यात सापडला. वाकून पाहिलं तर फुलाच्या मधल्या पिवळ्या सुळक्याला सहा पायांनी मिठी मारलेली, पाठ कमानीसारखी वाकवलेली, आणि पंख अगदी गपगार मिटलेले! पंख हलत नाहीत आणि गुणगुण चालूच. पोटावर पिवळी पूड उडत होती.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. वांग्याच्या फुलातले परागकोश फाटून उघडत नाहीत, त्यांच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. म्हणजे मिठाची डबी. हलवल्याशिवाय मीठ पडायचं नाही. भुंगा उडायचे स्नायू पंखांपासून सोडवून घेतो, मोटारगाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन रेटावं तसे, आणि सगळं अंग थरथरवतो. हे मधमाशीला जमत नाही. ती वांग्याच्या फुलावर येते, पण सांडलवंड वेचायला.

माझ्याकडे सूर जुळवायचा चिमटा आहे, ट्यूनिंग फोर्क. तो वाजवून ताज्या फुलाच्या देठाला टेकवला आणि खाली काळा कागद धरला. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्यांदा चिमटा सरळ पिवळ्या सुळक्याला लावला, आणि कागदावर पिवळा धूर उतरला. त्या दिवशी माझे दोन विद्यार्थी गाणं सोडून वांग्यात रमले.

*

वाचतेय. काय एकेक निरीक्षणं आहेत!

*

आमच्या गुलाबाचं प्रकरण सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत.

पानांच्या कडांना अर्धगोल कापे पडायला लागले. कुरतडलेले नाहीत, कंपासनं आखून कापल्यासारखे. सासूबाईंचा पहिला संशय नाकतोड्यावर, दुसरा अळीवर, तिसरा शेजारच्या मुलावर आणि त्याच्या हस्तकलेवर. औषध फवारायचं ठरलं. मी म्हटलं, आई, एक दिवस थांबा, मी बसते राखणीला.

दुपारी अकराच्या सुमारास एक करडी माशी आली. पानाच्या कडेवर स्वार झाली, कड दोन्ही बाजूंनी पायांत धरली आणि जबड्यानं कापत गोल फिरली. जास्तीत जास्त दहा सेकंद लागले असतील. गंमत पुढे आहे: ज्या तुकड्यावर ती बसली होती तोच कापत होती! शेवटचा धागा तुटला तेव्हा तुकड्यासकट खाली पडायला हवी होती, पण तोवर पंख सुरू झालेले. तुकडा पोटाखाली गुंडाळून धरला आणि हिरवं पत्र घेऊन पोस्टमन निघावा तशी गेली. गेली कुठं? वापरात नसलेल्या पाण्याच्या पाइपच्या तोंडात.

पाइप आम्ही तसाच ठेवला. पुढे माश्या बाहेर पडून गेल्यावर तो चिरून पाहिला, तर आत पानांची चिरुटासारखी गुंडाळी, आणि गुंडाळीत एकामागे एक खोल्या. लांबट तुकडे भिंतींना, अगदी गोल तुकडे झाकणांना. प्रत्येक खोलीत पराग-मकरंदाचा गोळा आणि त्यावर एकच अंडं, अशी रचना असते. ही माशी पान खात नाही, फक्त बांधकामाला नेते. गुलाबालाही काही झालं नाही. सासूबाई आता पाहुण्यांना ती कापलेली पानं दाखवतात. शेजारच्या मुलाची माफी मात्र कुणी मागितली नाही.

*

माझा किस्सा छोटा आणि जरा दुःखी. पांढऱ्या शेवंतीवर एक मधमाशी उलटी लटकलेली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हालचाल नाही. म्हटलं, झोपली असेल. फोटो काढला, मोठा करून पाहिला, तर तिच्या मानेशी दोन पांढरे पाय. पाकळीच्याच रंगाचा कोळी! जाळं नाही, काही नाही, फुलात नुसता दबा धरून बसलेला. त्या दिवसापासून फुलावर निश्चल माशी दिसली की मी आधी कोळी शोधतो. पाचातल्या दोन वेळा तरी सापडतो.

*

फुलझाडाची कुंडी हलवून पाहा एकदा. मी मुद्दाम नाही हलवली, भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून तुळशीची भरगच्च मंजिऱ्या आलेली कुंडी चार-पाच फूट बाजूला सरकवली. नेहमीच्या माश्या आल्या आणि जिथं कुंडी होती त्या मोकळ्या हवेत, मंजिऱ्यांच्या उंचीवरच, घिरट्या घालत राहिल्या. तुळस डोळ्यांसमोर आहे, वास सुटलाय, आणि या बाया रिकाम्या जागेत शोधतायत! घर बदललेल्या माणसाची रिक्षा जुन्या पत्त्यावर जावी तसं. घिरट्यांचं वर्तुळ हळूहळू मोठं झालं आणि मग एकेकीला कुंडी लागली. दुसऱ्या दिवशी मात्र बहुतेक सगळ्या नव्या जागेवर.

कुणाला कारण माहीत आहे का? मधमाशीला वास येत नाही असं तर नाही ना?

*

मी पेट्या ठेवून मधमाश्या पाळतो, म्हणून वरच्या प्रश्नावर थोडं. वास उत्तम येतो. पण जुन्या गिऱ्हाइकाला जागा पाठ असते, आजूबाजूच्या खुणांसकट. मधमाशी नव्या फुलावरून पहिल्यांदा निघते तेव्हा नीट बघा: सरळ निघून जात नाही. उठते, गर्रकन मागे वळते आणि फुलाकडे तोंड करून हवेतच डावीकडे-उजवीकडे झुलते. पत्ता पाठ करणं चाललेलं असतं. दोन-चार फेऱ्यांनंतर हे बंद होतं, मग उठली की सुटली. तुमच्या तुळशीवर त्या दिवशी एखादी नवखी आली असेल तर ती थेट झाडावर बसली असणार, कारण तिच्याकडे जुना पत्ताच नव्हता.

नवखीला दिशा कळते ती पेटीतल्या नाचावरून. सूर्याच्या दिशेशी खाद्याचा जो कोन, तोच कोन अंधाऱ्या पोळ्यावर उभ्या रेषेशी धरून माशी पोट हलवत नाचते. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, आणि १९७३ चं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत ते होते. पण नाच तुम्हाला गल्लीपर्यंत आणतो, घर नंबर सांगत नाही. शेवटची काही पावलं वासावर आणि नजरेवर.

अवांतर: वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर किंवा गाडीच्या काचेवर पिवळे, मोहरीएवढे थेंब दिसतात ना, ती मधमाश्यांची विष्ठा. पेटीत घाण करत नाहीत, बाहेर उडताना करतात. हसू नका, या थेंबांवरून जागतिक राजकारण झालंय. १९८१ मध्ये अमेरिकेनं जाहीर आरोप केला की आग्नेय आशियात 'पिवळा पाऊस' नावाचं विषारी अस्त्र वापरलं जातंय आणि त्यामागे सोव्हिएत संघ आहे. जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसलसन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी नमुने तपासले, तर थेंब परागांनी भरलेले. निष्कर्ष: मधमाश्यांचा सामूहिक प्रातर्विधी.

*

मी फक्त वाचायला आले होते, पण 'गाडीच्या काचेवर' वाचून लिहावंच लागलं. गेले कित्येक महिने मी समोरच्या झाडाला दोष देतेय.

*

आमच्या मुलीनं, वय वर्षे सात, लावलेला शोध. चिनी गुलाबाच्या फुलात बारक्या माश्या गोल गोल फिरतात, कढईत चमचा फिरवावा तशा. तिचं म्हणणं, "बाबा, माशी नाही फिरत, फूल तिला गुदगुल्या करतंय." मी नेहमीप्रमाणे हो हो म्हटलं. तिनं काडी आणून दिली. ताज्या उमललेल्या फुलातल्या पिवळ्या पुंकेसरांच्या झुपक्याला एका बाजूनं हलकेच स्पर्श केला, आणि ते पुंकेसर खरंच काडीकडे झुकले! वाऱ्यानं नव्हे, सावकाश, स्वतःहून. दुसऱ्या बाजूनं शिवलं तर तिकडे. म्हणजे माशी आत शिरली की पुंकेसर तिच्याच अंगावर येतात आणि ती परागांनी माखते. मी बारा वर्षं ही फुलं लावतोय. दुपारनंतर मिटायला लागल्यावर हा खेळ होत नाही, सकाळीच करून पाहा.

*

झोपेचा विषय वर निघालाय म्हणून. संध्याकाळी उजेड कमी झाला की आमच्या बागेत एका वाळक्या काडीवर माश्यांची रांग लागते. पोटावर चकचकीत निळे पट्टे असलेल्या. जबड्यानं काडी करकचून चावून धरायची, पाय पोटाशी घ्यायचे आणि आडवं लटकायचं. बस, झोप. उशी नाही, पांघरूण नाही. हे सगळे नर. माद्या जमिनीत बिळं करतात, यांना घरच नाही. रोज तीच काडी. एखादा उशिरा आला की आधीचे पाय झाडतात, जागेवरून ढकलाढकली, मग सगळं शांत. एकदा सात मोजले, एकदा अकरा. मधे कधीतरी बाग साफ करताना कुणीतरी ती काडी तोडून टाकली. त्या संध्याकाळी अकरा जण तिथं बराच वेळ घिरट्या घालत होते. मी दुसरी काडी खोचून दिली, पण ती त्यांनी पसंत केली नाही. शेजारच्या गवतावर गेले. माझा अजून जीव खातं ते.

*

फुलापर्यंत यायचं, बोटभर अंतरावर थबकायचं आणि न बसता वळायचं, हे कुणी पाहिलंय का? दुकानात शिरताशिरता 'नको, काही नसेल' म्हणून मागे फिरावं तसं. मी एकाच फुलावर नजर ठेवून बसलो. एक माशी येऊन पिऊन गेली. त्यानंतरच्या तिघी थबकून परत गेल्या. बऱ्याच वेळानं चौथी आली, ती बसली. आधीच्या माशीच्या पायांचा वास पाकळीवर राहतो आणि तो ताजा असेल तर पुढची ओळखते की भांडं रिकामं आहे. वास विरेपर्यंत फुलात मकरंद पुन्हा साठतो.

आता सांगा, आमच्या घरात फ्रिज उघडून रिकामा बघणारे चौघे आहेत, त्यातला एकही हे शिकत नाही.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा भारी अनुभव आले. आज भिंग घेऊन साल्व्हियाची वीस फुलं तपासायला घेतली. अठराला फट. त्यांतल्या दोन फुलांना दोन्ही बाजूंनी. एकच फूल धड होतं, त्यात एक बारकी माशी रीतसर समोरून शिरली आणि मागे सरकत सरकत, अंगभर पराग घेऊन बाहेर आली. विसावं फूल तपासायचं राहिलं, कारण 'ती' भुंगा त्यावर बसली होती आणि मला अजून नर-मादी ओळखता येत नाही.