मदत हवी आहे: सोडवलेलं उदाहरण कळतं, नवीन गणित आलं की गाडी अडते

शंकेखोर

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबलचक होणारे, आधीच सांगून ठेवते. कॉलेजचं पहिलं वर्ष, विषयांची नुसती सरमिसळ आहे, फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस आहेच, वर स्टॅट्स आणि मायक्रोइकॉनॉमिक्स पण घेऊन बसलेय. लेक्चरला सगळं कळतं. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचलं की वाटतं अरे हे तर सोप्पंय, आणि मग धड्याच्या शेवटचे प्रश्न काढले की पहिली ओळ काय लिहायची तिथेच घोडं पेंड खातं, लिहिलीच तर उत्तर मागच्या पानाशी जुळत नाही, आणि का जुळत नाही हे त्या मागच्या पानावर कधीच दिलेलं नसतं. चॅटबॉटला विचारलं तर तो अख्खं सोल्यूशन ओततो, वाचताना मी नंदीबैलासारखी मान डोलावते, दुसऱ्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न.

अडलेली पाच गणितं टाकतेय. उत्तरं नकोत, ती आहेत. माझं कुठे गंडतंय ते हवंय.

१) ५ किलोचा ठोकळा ३० अंशाच्या उतारावर स्थिर आहे. स्टॅटिक फ्रिक्शनचा कोएफिशियंट (म्यू) ०.७. घर्षण किती? मी म्यू गुणिले नॉर्मल फोर्स केलं, ०.७ × ५ × ९.८ × कॉस ३०, आलं २९.७ न्यूटन. पुस्तकात २५.

२) शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली, उंची १२ मीटर, वरची त्रिज्या ६ मीटर. पाणी मिनिटाला २ घनमीटर पडतंय. पाणी ४ मीटर खोल असताना पातळी किती वेगाने चढते? खोली ४ म्हणजे त्रिज्या २, ती घनफळाच्या सूत्रात टाकली, डिफरन्शिएट केलं, आलं ०.४७७. पुस्तकात ०.१५९.

३) १० ग्रॅम हायड्रोजन, ६४ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती ग्रॅम बनेल? हायड्रोजन कमी आहे म्हणून तोच आधी संपणार असं धरलं, ९० ग्रॅम आलं. पुस्तकात ७२.

४) आजार १% लोकांना आहे. आजारी माणसाची टेस्ट ९०% वेळा पॉझिटिव्ह येते, निरोगी माणसाचीही ९% वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता किती? मी डोळे मिटून ९०% लिहिलं. उत्तर ९ च्या आसपास!! छापायला चुकलेत का?

५) किंमत २० वरून २५ झाली, मागणी १०० वरून ८०. इलॅस्टिसिटी (मागणीतला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल) काढा. मला ०.८ आलं, मैत्रिणीने उलटीकडून केलं तिला १.२५ आलं, पुस्तकात १ आहे. तिघांची तीन उत्तरं.

कोणीतरी सांगा प्लीज.

तिरपागडा

पहिलं घेतो कारण हे बघून हसायला आलं (तुला नाही गं, गणिताला). तुझं उत्तर खरं मानू आणि पुढे जाऊ. ठोकळ्याला उताराखाली ओढणारं बल म्हणजे एमजी सायन ३० (एम वस्तुमान, जी गुरुत्वाचं त्वरण), ५ × ९.८ × ०.५ = २४.५ न्यूटन. घर्षण वरच्या दिशेने २९.७. वजाबाकी कर, ५.२ न्यूटन उरले आणि तेही वरच्या बाजूला. म्हणजे तुझा ठोकळा कोणी हात न लावता आपला आपण उतार चढायला लागला. असा ठोकळा मिळाला तर मलाही एक दे.

तर गडबड अशी की म्यू गुणिले नॉर्मल हे स्टॅटिक फ्रिक्शन *नसतं*, ती त्याची वरची मर्यादा असते. घर्षण जास्तीत जास्त इतकं होऊ शकतं, एवढंच ते सूत्र सांगतं. प्रत्यक्षात घर्षण तेवढंच लागतं जेवढी गरज आहे, आणि ठोकळा स्थिर आहे म्हटल्यावर गरज २४.५ ची. २९.७ चा उपयोग फक्त तपासायला, की २४.५ त्याच्या आत आहे ना, आहे, मग ठोकळा खरंच थांबेल. पुस्तकात या सूत्रामागे 'पेक्षा कमी किंवा समान' असं चिन्ह असतं, ते सगळे वाचतात आणि गणितात बरोबरचं चिन्ह लिहितात.

आणि प्रश्नात 'स्थिर आहे' हा शब्द दिलाय, तो सजावट म्हणून नाही दिलेला. पहिली ओळ तिथूनच निघते. स्थिर म्हणजे त्वरण शून्य, त्वरण शून्य म्हणजे उताराच्या दिशेतली बलं एकमेकांना खाऊन टाकतात. संपलं, म्यूची गरजच पडली नाही.

मोलभाव

तिसरं माझ्याकडे. रिअ‍ॅक्शन ग्रॅममध्ये होत नाही, मोलमध्ये (रेणूंच्या ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांमध्ये) होते. १० ग्रॅम हायड्रोजन म्हणजे ५ मोल, ६४ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे २ मोल. समीकरणात २ हायड्रोजनला १ ऑक्सिजन लागतो, म्हणजे २ मोल ऑक्सिजन फक्त ४ मोल हायड्रोजन वापरणार. आधी संपला ऑक्सिजन, जो वजनाला सहापट जास्त दिसत होता! पाणी ४ मोल, ७२ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक.

आता पडताळा बघ. ७२ + २ = ७४, सुरुवातीला १० + ६४ = ७४. तुझं ९० ग्रॅम पाणी ७४ ग्रॅम मालातून कुठून आलं? हे पुस्तक न उघडता कळतं.

चौथी_बाजू

टाकीचं मी सांगते. तुझं उत्तर बरोबर उत्तराच्या बरोब्बर तिप्पट आहे हे लक्षात आलं का? असं नेमक्या पटीत चुकलं की आनंद मानायचा, कारण चूक एकच आहे आणि ती सापडते.

तू त्रिज्या २ आधी टाकलीस आणि मग डिफरन्शिएट केलंस. त्या क्षणी त्रिज्या गोठली. म्हणजे तू नकळत शंकू सोडून २ मीटर त्रिज्येच्या सरळसोट नळकांड्यासारखं काहीतरी भरायला घेतलंस ज्यात पाणी चढलं तरी रुंदी वाढत नाही. टाकीत तर पाणी चढताना पसरतंय पण. ४ मीटर ही फक्त एका क्षणाची खोली आहे, त्या क्षणाचा फोटो. आणि वेग फोटोतून काढता येत नाही.

असं कर. त्रिज्या कायम खोलीच्या निम्मी (६ ला १२), हे नातं सगळ्या वेळी खरं आहे म्हणून ते आधी वापरायला परवानगी. घनफळाच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी खोली भागिले २ घातलं की घनफळ = पाय (π) × खोलीचा घन ÷ १२. आता डिफरन्शिएट कर, घनाचा ३ खाली येतो: पाय × खोलीचा वर्ग ÷ ४ × पातळीचा वेग = २. *आता* ४ टाक. ४ पाय × वेग = २, वेग ०.१५९ मीटर दर मिनिटाला. तो घनाचा खाली आलेला ३ तुझ्याकडे आलाच नव्हता, तुझ्याकडे खोली नुसती पहिल्या घातात होती, तिप्पट तिथून आली.

सगळ्या रिलेटेड रेट्सच्या गणितांना हेच लागू. जे नेहमी खरं ते आधी, जे क्षणापुरतं खरं ते डिफरन्शिएट केल्यावर.

सरासरी_माणूस

चौथं छापायला चुकलेलं नाहीये, पण ९०% लिहिणारी तू एकटी नाहीस हे ऐकून बरं वाटेल. १९७८ मध्ये हार्वर्डशी संबंधित हॉस्पिटलांमधल्या ६० जणांना, त्यात डॉक्टर पण होते आणि मेडिकलचे विद्यार्थी पण, असाच प्रश्न विचारला होता (आकडे वेगळे, आजार हजारात एकाला, चुकून पॉझिटिव्ह ५%). बरोबर उत्तर २% च्या आसपास होतं, ते दिलं ११ जणांनी. सगळ्यात जास्त लोकांनी ९५% सांगितलं.

सूत्र बाजूला ठेव, टक्के पण बाजूला ठेव, १००० माणसं उभी कर. आजारी १०, त्यातली ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यांचे ९% म्हणजे साधारण ८९ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यात खरे आजारी ९. ९ भागिले ९८, नऊ टक्क्यांच्या थोडं वर. निरोगी लोकांची गर्दीच इतकी मोठी आहे की त्यांच्यातल्या थोड्या चुकासुद्धा खऱ्या आजाऱ्यांना बुडवून टाकतात. ९०% हा आकडा *आजाऱ्यांपैकी* पॉझिटिव्ह किती याचा होता, तुला विचारलंय *पॉझिटिव्हपैकी* आजारी किती.

पाचवं पण याच भानगडीतलं आहे. २० वरून २५ ही २५% वाढ, पण २५ वरून २० ही २०% घट. तफावत तीच ५ ची, भागणारा आकडा बदलला. म्हणून तू वर जाताना ०.८ (मागणी ढिम्म) आणि मैत्रीण खाली येताना १.२५ (मागणी लवचीक), एकाच रेषेवरच्या त्याच दोन बिंदूंबद्दल दोन उलटे निष्कर्ष! म्हणून पुस्तक मिडपॉइंट वापरतं, दोन्हीची सरासरी खाली घेतं. किंमत ५ भागिले २२.५, मागणी २० भागिले ९०, दोन्ही २२.२%, उत्तर १. खात्री हवी असेल तर एकूण विक्री बघ, २० × १०० आणि २५ × ८०, दोन्हीकडे २०००. किंमत वाढूनही गल्ला तोच राहिला म्हणजे इलॅस्टिसिटी १ च असणार. (काही पुस्तकं मागे ऋण चिन्ह ठेवतात, ते बघून घे.)

तिरपागडा

@शंकेखोर, एक निरीक्षण, राग मानू नको. विषय पाच आहेत पण रोग एकच. आकडा दिसला की तो सूत्रात जातो, तो *कशाचा* आकडा आहे हे विचारायच्या आधीच. ०.७ मर्यादेचा, ४ मीटर एका क्षणाचे, १० ग्रॅम वजनाचे पण मोलचे नाहीत, ९०% आजाऱ्यांपैकी, २५% जुन्या किमतीचे. म्हणून पहिली ओळ सुचत नाही तेव्हा सूत्र शोधू नकोस, दिलेल्या प्रत्येक आकड्यासमोर 'कशाचा, कधीचा, कशापैकी' हे तीन शब्दांत लिही. मराठीत लिही, इंग्लिशमध्ये लिही, कशातही. निम्म्या वेळा गणित तिथेच सुटतं.

सरासरी_माणूस

+१. आणि धडा संपला की त्याच धड्याची वीस गणितं ओळीने सोडवायची सवय असेल तर मोड. त्यात कुठलं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावानेच सांगितलेलं असतं, डोकं लावायचं कामच उरत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच काम असतं. २००७ मध्ये रोहरर आणि टेलर यांनी कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी आकारांच्या घनफळाची गणितं दिली, काहींना एकेका प्रकारची सलग, काहींना मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले ८९%, मिसळवाले ६०%. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तर सलगवाले २०% वर आपटले, मिसळवाले ६३%. सराव करताना छान वाटतंय म्हणजे येतंय असं नसतं.

शंकेखोर

बापरे, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप खूप थँक्यू. ठोकळ्याचं वाचून मी पण हसले, आपोआप चढणारा ठोकळा, डोळ्यासमोर असून दिसला नाही.

@तिरपागडा दादा, मी तेच गणित उतार ४० अंश करून परत केलं, बरोबर आहे का बघा. ओढणारं बल ४९ × सायन ४० = ३१.५. मर्यादा ०.७ × ४९ × कॉस ४० = २६.३. गरज मर्यादेच्या वर गेली म्हणजे ठोकळा घसरणार, आणि घसरला की स्टॅटिकचा ०.७ कामाचाच नाही, कायनेटिकचा कोएफिशियंट लागेल जो प्रश्नात दिलेलाच नाही, म्हणजे त्वरण काढताच येणार नाही. बरोबर?

टाकीचं पण परत केलं, पुस्तक बंद ठेवून, ०.१५९ आलं. चौथं, म्हणजे टेस्टचं बायेजच्या सूत्राचं गणित, मात्र माणसं उभी करून जमतं पण परीक्षेत सूत्रानेच करायला सांगितलं तर?

सरासरी_माणूस

सूत्र म्हणजे तीच माणसं, फक्त १००० ने भागलेली. वर ०.०१ × ०.९ (तुझे ते ९ जण), खाली तेच अधिक ०.९९ × ०.०९ (ते ८९ जण). आधी रफ कागदावर माणसं मोज, मग त्या क्रमाने सूत्र लिही.

तिरपागडा

४० अंशाचं शंभर टक्के बरोबर, आणि 'काढता येणार नाही' हे लिहायला धीर लागतो, बहुतेक जण ०.७ च ठोकून देतात. कुठल्या कोनापासून घसरेल ते पण काढून बघ, टॅन बरोबर ०.७ कधी होतो ते बघायचं, साधारण ३५ अंश येईल. गंमत म्हणजे वस्तुमान त्यात उरतच नाही, ५ किलो असो की ५००.

शंकेखोर

३५ आलं! एकच शेवटचं. घर्षण २४.५ येतंय पण पुस्तकात २५ आहे, राउंड केलंय का?

चौथी_बाजू

नाही, त्यांनी जी १० घेतलाय. ५ × १० × ०.५ = २५. धड्याच्या सुरुवातीला कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, बघ. परीक्षेत दिलेला नसेल तर ९.८ घे आणि गणिताच्या वर तसं लिहून टाक.