गरम झाल्यावर डावं चाक ओढत नाही: पंप बदलण्याआधी

दादा, तुम्ही लिहिलंय की झिरो-टर्न मोअर (जागेवर वळणारं गवत कापायचं यंत्र) सकाळी ठणठणीत चालतो, पण तासाभराने चढावर डावं चाक ओढत नाही. वरच्या उत्तरात कुणीतरी पट्टा बदलायला सांगितलंय. मला ते पटत नाही. प्रत्येक चाकाला तेलाच्या दाबावर चालवणारा वेगळा पंप आणि मोटर असते, पण दोन्ही पंप सहसा एकाच पट्ट्यावर फिरतात; पट्टा घसरला असता तर उजवी बाजूही ढिली पडली असती.

आधी डाव्या बाजूचा बायपास व्हॉल्व्ह (उघडला की तेल मोटरला वळसा घालतं आणि चाक मोकळं फिरतं) पूर्ण बंद आहे का ते बघा. मशीन ढकलण्यासाठी उघडतात आणि नीट आवळायचं राहून जातं. मग टाकीतलं तेल बघा: दुधाळ असेल तर पाणी गेलंय, फेस असेल तर सक्शनकडून, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूने, हवा ओढतेय. सक्शनची गळती अनेकदा बाहेर ठिबकत नाही, म्हणून लोक फसतात.

हे सगळं ठीक असेल, तर गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या पंपात किंवा मोटरमध्ये आतल्या आत गळतंय. दोघांपैकी कोण? पंप आणि मोटर वेगळे, होजने (तेलाच्या नळ्यांनी) जोडलेले असतील तर दोन्ही बाजूंच्या होज अदलाबदल करा, तोंडं स्वच्छ पुसून. दोष उजवीकडे गेला तर पंप, डावीकडेच राहिला तर मोटर. नंतर चाकं उचलून हवा काढायला विसरू नका, नाहीतर नवीनच घोटाळा दिसेल.

आणि कळकळीने सांगतो, गळती हाताने चाचपू नका. बारीक छिद्रातलं दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. गळतीजवळ पुठ्ठा फिरवा, तेलाचा डाग त्यावर उमटेल. तेल घुसलंच, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.