बुलेटच्या इंजिनावर बागेतली तीनचाकी: मागचा एक्सल कुठला घ्यावा?

बागवाला:
नमस्कार मंडळी, निफाडकडे आपली द्राक्षबाग आहे, घरी जुनी कास्ट आयर्न ३५० बुलेट पडून आहे, चार गिअरवाली. मागची चेसिस गंजून गेलीये पण इंजिन गिअरबॉक्स ठणठणीत. डोक्यात असं आहे की पुढचा अर्धा भाग तसाच ठेवायचा आणि मागे दोन चाकं टाकून काढणीच्या वेळी कॅरेट बाहेर काढायला तीनचाकी बनवायची. ट्रॅक्टर वाय मांडवाखाली जातो पण दर वेळी काड्या ओरबाडतो आणि मजूर डोक्यावर किती वाहणार. एका खेपेला २० किलोची १५ कॅरेट म्हणजे ३०० किलो, वर ड्रायव्हर. ओळींत ९ फूट अंतर आहे, शेवटी विहिरीजवळ एक चढ लागतो, साधारण सहा फुटाला एक फूट.
भंगारवाल्याकडे मारुती ओम्नी व्हॅनचा मागचा एक्सल बघून ठेवलाय, ड्रम लीफस्प्रिंग सगळ्यासकट. तो म्हणतो घ्या बिनधास्त. गावातला वेल्डर म्हणतो डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) कशाला, सरळ सॉलिड शाफ्ट टाकू, दोन बेअरिंग आणि बुलेटचंच चक्कर (चेनचं स्प्रॉकेट). कोणाचं ऐकू? आणि रेशो, म्हणजे इंजिनच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, किती ठेवायचा? रस्त्यावर न्यायची नाही, बागेतच फिरणार.

फटफटीप्रेमी:
अरे देवा, कास्ट आयर्न कापताय? मला द्या ना ती गाडी 😭

बागवाला:
भाऊ चेसिस बघितलीत तर घेणार नाही तुम्ही, मडगार्डखाली बोट घातलं की आरपार जातं.

लेथमास्तर:
सॉलिड शाफ्टचा विचार सोडा. एक ओळ सोडून पुढच्या ओळीत वळलात तरी वळणाची त्रिज्या २.७ मीटर येते. मागच्या चाकांत १.२ मीटर अंतर धरा, म्हणजे आतलं चाक २.१ वर आणि बाहेरचं ३.३ वर फिरणार, बाहेरच्याला दीडपटीहून जास्त अंतर. दोन्ही चाकं एका शाफ्टला जाम असतील तर एक घासत जाणार, आणि पुढे बुलेटचं एकच बारकं चाक, ते हँडल वळवूनही सरळच ढकललं जाणार. मऊ मातीत चालून जाईल कसंतरी, पण कडक जमिनीवर ३०० किलो घेऊन वळताना हात भरून येतील आणि टायर एका सीझनमध्ये संपतील. एकाच चाकाला चेन देऊन दुसरं मोकळं सोडतात काही जण, त्यात गाडी एका बाजूला ओढते आणि ओल्यात ते एक चाक फिरलं की विषय संपला. डिफरन्शियलच घ्या.
आता ओम्नी. एक्सल चांगला आहे, तुमच्या वजनाला पुरून उरेल. पण त्याची पिनियन, म्हणजे एक्सलला फिरवणारा छोटा गिअर, पुढे तोंड करून असते, इंजिनकडून येणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टसाठी. बुलेटचा चेन स्प्रॉकेट आडव्या शाफ्टवर, डाव्या बाजूला. म्हणजे चेन थेट त्या पिनियनला लागणारच नाही, मध्ये ९० अंशात वळवणारा बेव्हल बॉक्स पाहिजे. भंगारवाला हे सांगणार नाही, त्याला एक्सल विकायचाय.

बागवाला:
मास्तर हे डोक्यातच आलं नव्हतं. मग डिफरन्शियलचा क्राऊन (पिनियन ज्याला फिरवते तो मोठा गिअर) काढून त्या जागी चेनचं चक्कर बसवलं तर? यूट्यूबवर एकाने केलंय.

लेथमास्तर:
होतं तसं, क्राऊन जिथे बोल्ट होतो त्या फ्लँजवर प्लेट स्प्रॉकेट टर्न करून बसवतात. पण आधी रेशोचा हिशोब बघा, मग चेन किती ओढ खाणार ते कळेल.
बुलेटचा प्रायमरी (इंजिन ते क्लच) २.२४, पहिला गिअर २.७८, मागे १६ ला ३८ म्हणजे २.३७५. गुणाकार १४.८. ओम्नीचं १२ इंची चाक एका फेऱ्यात साधारण १.७ मीटर जातं. १५०० आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किमी. मांडवाखाली कॅरेट भरताना माणसाच्या चालीने चालायचं असतं, म्हणजे सारखा अर्धा क्लच, प्लेटा जळणार.
ओढ बघा. इंजिनचा टॉर्क ३२ न्यूटन मीटर, तोही ३००० आरपीएमला. घर्षणात १५ टक्के गेले धरून चाकाशी साधारण १५० किलोची ओढ मिळते. गाडी, माणूस, माल मिळून ६०० किलो. सहाला एक चढावर १०० किलो लागले आणि मऊ मातीचे ५०-६० धरले की इंजिन कागदावरच दमलं. अजून दुप्पट रिडक्शन पाहिजे, म्हणजे एकूण ३० च्या आसपास. मग पहिल्यात ताशी ५, आणि चौथ्यात ३५०० ला ३३ किमी, बागेत तेवढी जोरात कोण चालवतंय.
पण हेच ३० चेनने करायला गेलात तर मध्ये जॅकशाफ्ट (दोन चेनमधला जोडशाफ्ट) येणार आणि शेवटच्या चेनवर, ३८ दात्याचं चक्कर धरलं तर, जवळपास एक टन ओढ. बुलेटची पाच सूत पिचची सिंगल चेन साधारण सव्वादोन टनाला तुटते, झटक्याला काही शिल्लकच राहत नाही. डबल चेन लागेल, नाहीतर मोठं चक्कर, आणि ते जमिनीला टेकायला येतं. वर सगळं धुळीत उघडं.

एस_के_सांगली:
मास्तरांच्याच हिशोबात एक गंमत बघा. ओम्नीच्या क्राऊन पिनियनचा रेशो पाचाच्या जरा वर असतो. गिअरबॉक्सवरून चेन १६ ला १६ घेतली, बेव्हल एकास एक, तर २.२४ × २.७८ × ५ = ३१. जो पाहिजे तोच आला. आणि जड रिडक्शन तेलात बुडालेल्या दात्यांवर, चेनवर ओढ तेवढीच जेवढी ओरिजिनल बुलेटवर होती. त्यामुळे ओम्नी सोडू नका, बेव्हल बॉक्स शोधा. छोट्या रोटाव्हेटरच्या मधल्या पेटीत बेव्हल असतो, भंगारात मिळतो, फक्त त्याचा रेशो मोजून घ्या, सगळे एकास एक नसतात.
एक्सलचा रेशो तिथेच मोजता येतो. एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, पिनियनच्या फ्लँजला खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोब्बर २ फेरे फिरवा आणि फ्लँज किती फिरली ते मोजा, तोच रेशो. दोन फेरे यासाठी की एक चाक थांबलेलं असताना क्राऊन निम्माच फिरतो.
आणि बेव्हल फायनल वेल्ड करायच्या आधी हाताने फिरवून दिशा बघा राव. उलटा बसला तर तुमच्याकडे चार गिअर रिव्हर्सचे आणि पुढचा एकही नाही 😂

गॅरेज_कोपरगाव:
सगळं वाचलं, हिशोब बरोबर आहेत पण मला विचाराल तर एवढा खटाटोप कशाला. भंगारातल्या पॅसेंजर रिक्षाचं मागचं अख्खं धूड उचला, इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल एकाच पेटीत, चार गिअर पुढे एक मागे. रिव्हर्सचं कोणीच बोललं नाही इथे! ओळीत मध्येच मजूर बसलेत, तुम्हाला मागे यायचंय, ६०० किलोचं धूड पायाने ढकलणार का? दुसरं म्हणजे थंडावा. रिक्षाच्या इंजिनाला पंखा आणि कव्हर असतं, बुलेट वाऱ्यावर थंड होते आणि ताशी ५ ला वारा कुठला. मार्च एप्रिलच्या उन्हात हेड लाल होईल.

बागवाला:
दादा पटतंय, पण इंजिन घरात आहे आणि खरं सांगायचं तर वडिलांना त्याच इंजिनाचा आवाज पाहिजे 😅 रिव्हर्सला ओम्नीचाच गिअरबॉक्स मध्ये टाकला तर?

लेथमास्तर:
टाकता येईल, बेव्हलच्या मागे, रिव्हर्स फुकट मिळेल. लांबी वाढेल, मग वळण मोठं होणार, तेवढं फ्रेम आखताना बघा. नियम एकच, ओम्नीचा बॉक्स कायम चौथ्यात आणि फक्त मागे येताना रिव्हर्स, तेही इंजिन हळू ठेवून. दोन्हीकडे पहिला टाकून चढावर झटका दिलात तर हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) पिळवटून निघेल. पहिला दुसरा लागूच नये म्हणून गिअर लिव्हरच्या गेटमध्ये पट्टी वेल्ड करा, मजूर चालवणार आहेत शेवटी. थंडाव्याला १२ व्होल्टचा कारचा रेडिएटर फॅन हेडसमोर लावा, पण त्यासाठी अल्टरनेटर किंवा रोज चार्ज होणारी मोठी बॅटरी लागेल, बुलेटचा डायनॅमो तो फॅन ओढणार नाही.

एस_के_सांगली:
ब्रेकचं राहिलं. ओम्नीचे दोन्ही ड्रम चालू करा, हायड्रॉलिक लाईन नवीन, जुने व्हील सिलेंडर वापरू नका. आणि जमलं तर ट्रॅक्टरसारखे डावा उजवा वेगळे पेडल. ओल्यात एक चाक फिरायला लागलं की त्याचा ब्रेक हलका दाबायचा, डिफरन्शियल आपोआप दुसऱ्या चाकाला ओढ देतं. चढावर मात्र दोन्ही एकत्र जोडून ठेवा.
हौदा एक्सलच्या मागे लटकवू नका, मालाचं वजन एक्सलच्या थोडं पुढेच पडलं पाहिजे. नाहीतर विहिरीच्या चढावर पुढचं चाक उचललं जाईल आणि हँडल नुसतं हातात राहील. कॅरेट दोनच थर, तीन चाकांवर उंच माल वळताना कलतो.

जुना_सभासद:
एवढंच सांगतो, गावच्या रस्त्यावरून दुसऱ्या बागेत न्यायचा मोह टाळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असले बदल बसत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला ५००० दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. विमा तर नाहीच, आणि मागे मजूर बसलेले असताना काही झालं तर दंड ही सगळ्यात लहान गोष्ट असेल.

बागवाला:
नाही नेणार. उद्या खडू घेऊन जातो भंगारवाल्याकडे, आधी रेशो मोजतो. बेव्हल पेटी मिळाली की फोटो टाकतो. मास्तर, बेव्हलचा शाफ्ट आणि बुलेटचं स्प्रॉकेट एका रेषेत आणायला काय करू?

लेथमास्तर:
सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटच्या तोंडाला लावा, फट दिसायला नको. बेव्हलची पेटी लांबट भोकांच्या प्लेटवर बसवा म्हणजे चेन ताणायला जागा राहील. आधी टॅक (तात्पुरते वेल्डचे ठिपके) मारा, एक दिवस रिकामी चालवा, मग पक्कं वेल्ड.